जुन्या पुस्तकाची पहिली आवृत्ती कशी ओळखावी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



विणकाम, पाककृती किंवा बालसंगोपन असा विषय असता तर माझ्याहून चांगले बोलणाऱ्या पुष्कळ जणी समोर बसल्या आहेत. मला बोलायला सांगितले ते एवढ्यासाठीच, की आपल्या मंडळाच्या वाचनालयाचे कपाट आणि दाखल-नोंदवही गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मी सातवी शिकलेली. विद्वत्तेचे बोलणे माझ्याकडून होणार नाही. परंतु नोंदवहीत 'आवृत्ती', 'प्रकाशक', 'साल' असे रकाने आहेत, ते भरता भरता जुने पुस्तक कसे पाहावे याची थोडीशी नजर आली. एका निवृत्त ग्रंथपालबाईंनी वेळोवेळी समजावून सांगितले. तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

हा विषय विद्वानांचा वाटतो, पण तो आपला आहे. घरात काय ठेवायचे आणि काय काढायचे हे दसरा-दिवाळीच्या साफसफाईत कोण ठरवते? आपणच. माळ्यावरची ट्रंक खाली आपण उतरवतो, रद्दीवाल्याला हाक आपण मारतो आणि तराजूचा काटाही आपणच पाहतो. हल्ली आपल्या भागातले वाडे एकामागून एक पडत आहेत. वाडा रिकामा करताना तांब्यापितळेची भांडी मोजून वाटून घेतली जातात, आणि पुस्तके मात्र पोत्यात भरून किलोवर जातात. अशी तीन पोती जाताना मी पाहिली आहेत. त्यात काय होते हे आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून माझे सारे सांगणे एका वाक्यात सांगते: पुस्तक रद्दीत घालण्यापूर्वी त्यावरची मुद्रक-प्रकाशकाची ओळ वाचावी.

आता पहिली आवृत्ती म्हणजे काय ते पाहू. लेखकाने लिहिलेले पुस्तक प्रथम छापून लोकांसमोर आले, ती पहिली आवृत्ती. प्रती संपल्या म्हणजे पुन्हा छापतात. तसेच्या तसे छापले तर खरे म्हणजे ते पुनर्मुद्रण. मजकुरात फेरफार, भर किंवा काटछाट केली तर नवी आवृत्ती. आपल्याकडे हा भेद नेहमी पाळला जात नाही. नुसत्या पुनर्मुद्रणालाही 'दुसरी आवृत्ती', 'तिसरी आवृत्ती' असे सर्रास म्हणतात. पहिलीचे महत्त्व असे, की लेखकाने त्या वेळी काय म्हटले होते ते तिच्यातच जसेच्या तसे सापडते. पुढे शब्द बदलतात, प्रस्तावना गळते, कोणाला न रुचलेला भाग वगळला जातो. शिवाय जुन्या काळी पहिली आवृत्ती पाचशे किंवा हजार प्रतींची असे. त्यांतल्या वाळवीने, पुराने आणि रद्दीने किती खाल्ल्या असतील!

मुद्रक-प्रकाशकाची ओळ कोठे असते? आतल्या मुख्य पानावर खालच्या बाजूस, किंवा त्या पानाच्या मागे, किंवा पुस्तकाच्या अगदी शेवटी. मागच्या वेष्टनावरही असते. पुष्कळ मराठी पुस्तकांत ती इंग्रजीत, मुंगीएवढ्या टायपात छापलेली असते, म्हणून आपण तिच्याकडे पाहतच नाही. ही ओळ कोणी हौसेने छापत नसे. १८६७ साली सरकारने छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा २५ वा कायदा केला. त्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छापल्याचे ठिकाण, तसेच प्रकाशकाचे नाव व प्रसिद्धीचे ठिकाण छापणे भाग होते. जुन्या पुस्तकांवर 'सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर' अशा अर्थाचा मजकूर दिसतो तो याच कायद्याचा. हा कायदा दीडशे वर्षांवर चालला. २०२३ साली नवा कायदा झाला, तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला, आणि त्यात पुस्तकांना जागा नाही. एवढा काळ या एका कायद्याने आपल्या पुस्तकांना जन्माचा दाखला दिला. तो दाखला वाचायला शिकणे एवढेच आपले काम.

त्या ओळीत पहिल्याने 'आवृत्ती' हा शब्द शोधावा. 'आवृत्ती पहिली' असे स्पष्ट असेल आणि खाली साल असेल तर बरेचसे काम झाले. कित्येक पुस्तकांवर 'प्रती १०००' असाही आकडा असतो, तोही टिपून ठेवावा. आवृत्तीचा उल्लेखच नसेल तर ती पहिली असण्याचा संभव असतो, पण खात्री नाही. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवावे. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा काळ असेल तर ७९. म्हणजे शके १८५६ हे १९३४-३५ साल झाले.

नुसते साल मात्र पुरत नाही. लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'ची पहिली आवृत्ती जून १९१५ मध्ये निघाली, आणि ती इतकी झपाट्याने खपली की त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरी काढावी लागली. कोणाच्या घरी १९१५ सालची प्रत असली तर ती पहिलीच असे म्हणता येणार नाही. महिना व आवृत्तीचा क्रमांक पाहिला पाहिजे. त्याचप्रमाणे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ती १९३४ पासून चार वेगवेगळ्या भागांत प्रसिद्ध झाली. चारही भाग एकत्र असलेले जाड पुस्तक तुमच्याजवळ असेल, तर पान न उलगडताही सांगता येते की ती पहिली आवृत्ती नव्हे. उलट, एखादा सुटा पातळ भाग हाती आला आणि 'हा अपुरा आहे' म्हणून तुम्ही तो काढून टाकायला निघालात, तर थांबा. तोच कदाचित पहिल्या आवृत्तीचा असेल.

यानंतर प्रकाशकाचे नाव. यात किती गोष्टी दडलेल्या असतात याचे उत्तम उदाहरण म्हणजे मुंबईचा निर्णयसागर छापखाना. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी देवाजवळच्या कपाटात निर्णयसागरची एखादी पोथी, अमरकोश किंवा स्तोत्रांचे पुस्तक असेलच. हा छापखाना जावजी दादाजी यांनी १८६९ साली काढला. १८९२ साली ते वारले. त्यानंतरच्या पुस्तकांवर प्रकाशक म्हणून तुकाराम जावजी हे नाव येऊ लागते. १९१०-१५ च्या सुमाराच्या पुस्तकांवर ते हमखास दिसते. पुढे १९२५-३५ च्या सुमारास पांडुरंग जावजी हे नाव येते. आणि १९४० च्या पुढच्या काळातली पुस्तके उघडा, तिथे नाव आहे सत्यभामाबाई पांडुरंग. भगिनींनो, वेदान्ताचे, काव्याचे आणि वैद्यकाचे संस्कृत ग्रंथ देशभर ज्या छापखान्यातून जात, त्यांच्यावर प्रकाशक म्हणून एका बाईचे नाव छापलेले आहे. आपण त्या पोथ्या वाचल्या, त्यांना गंध-फूल वाहिले, पण हे नाव कितीजणींनी वाचले असेल?

पत्त्यातही असाच फरक आहे. निर्णयसागरच्या आधीच्या पुस्तकांवर कोलभाट लेनमधील २३ नंबरचा पत्ता दिसतो, आणि नंतरच्या पुस्तकांवर कोलभाट स्ट्रीट, २६-२८ असा. छापणाऱ्याचे नावही वेगळे असते. आधीच्या काळात बा. रा. घाणेकर, पुढच्या काळात रामचंद्र येसू शेडगे. सालाचे पान फाटलेले असले तरी या नावांवरून आणि पत्त्यावरून पुस्तक साधारण कोणत्या काळातले ते कळते. 'रघुवंशा'सारखे पुस्तक अशा छापखान्यातून पुन:पुन्हा निघत राहते. मजकूर तोच, बांधणी तशीच. प्रती वेगळ्या ओळखता येतात त्या या बारीक ओळीवरूनच.

पत्त्याविषयी आणखी एक खूण. 'मुंबई ४' किंवा 'पुणे ३०' असा एक-दोन आकड्यांचा टपाल विभाग असेल तर पुस्तक बहुधा १९७२ च्या आधीचे. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांचा पिनकोड आला. 'पुणे ३०' चे पुणे ४११०३० झाले, 'मुंबई ४' चे मुंबई ४००००४ झाले. तेव्हा सहा आकडे असतील तर वर काहीही छापलेले असो, ती प्रत १९७२ च्या नंतर छापलेली आहे.

किंमत तर आपण बायका आधी पाहतोच! ती इथेही उपयोगी पडते. 'बारा आणे' किंवा 'रु. १-८-०' अशी किंमत असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७ पूर्वीचे समजावे. 'रु. १-८-०' म्हणजे एक रुपया आठ आणे, दीड रुपया. त्या तारखेपासून दशमान नाणी आली आणि काही वर्षे 'नये पैसे' हा शब्द चालला. १ जून १९६४ पासून 'नये' गळून नुसते 'पैसे' राहिले. त्यामुळे 'न. पै.' अशी किंमत असलेले पुस्तक सहसा या सात वर्षांतले. मात्र शिल्लक प्रतींवर नव्या किमतीची चिठ्ठी डकवण्याचा प्रघात होता. चिठ्ठी दिसली तर तिच्या आड काय आहे ते उजेडात धरून पाहावे. नखाने खरवडू नये.

लेखनावरूनही अंदाज येतो. जुन्या छपाईत 'नाहीं', 'कांहीं', 'घरें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार दिलेले असतात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम सरकारने मान्य केले आणि हे अनुस्वार हळूहळू गेले. आता समजा एका पुस्तकावर 'पहिली आवृत्ती १९३०' असे आहे, पण आत सगळीकडे 'नाही', 'काही' असे अनुस्वारावाचून छापले आहे. तर समजावे की पहिली आवृत्ती १९३० साली झाली हे खरे, पण आपल्या हातातली प्रत ती नव्हे. पुष्कळजणी इथेच फसतात. पुढच्या आवृत्त्यांत पहिल्या आवृत्तीचे साल माहितीसाठी छापतात. यादी असेल तर तिच्यातले पहिले साल पाहून हरखून जाऊ नये. शेवटचे साल आपल्या प्रतीचे.

प्रस्तावनाही वाचावी. 'दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी दोन शब्द' असे काही असले तर प्रश्नच मिटला. शेवटच्या पानांवर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती असतात, त्यांतल्या पुस्तकांची साले माहीत असली तर त्यांवरूनही निर्णय होतो. १९५० साली निघालेल्या पुस्तकाची जाहिरात १९४० सालच्या प्रतीत कशी येईल?

प्रकाशक बदलला की विशेष सावध राहावे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आणि भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पुढे 'ययाति' मेहता प्रकाशनाकडे गेली आणि 'कोसला' पॉप्युलर प्रकाशनाकडे. या दोन्ही पुस्तकांवर देशमुखांचे नाव नसेल तर ती पहिली आवृत्ती असू शकत नाही. देशमुखांचे असेल तर असू शकेल, पण त्यांनीही पुन्हा छापले असेल, म्हणून क्रमांक पाहावा. कधी कधी नवा प्रकाशक आपल्याकडून निघालेली पहिली म्हणूनही 'प्रथमावृत्ती' असे छापतो. ते खोटे नसते, पण त्या पुस्तकाची ती जगातली पहिली आवृत्ती नव्हे.

आणखी एक प्रकार म्हणजे जुन्या पुस्तकाची हुबेहूब छबी काढून केलेली नवी छपाई. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपल्यातल्या काहीजणींच्या घरी आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ सालची आणि दुसरी १८५७ सालची. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण केले. आत १८५७ दिसले म्हणून ती प्रत दीडशे वर्षांची होत नाही. अशा वेळी खऱ्या छपाईची ओळ दुसऱ्या पानावर असते. कागदाकडेही पाहावे. कोश म्हणून त्याची किंमत तसूभरही कमी नाही, रोज वापरावा असा तो आहे. फक्त जुना म्हणून कपाटात कोंडून ठेवायला नको.

मुलांच्या इंग्रजी पुस्तकांविषयी एका भगिनीने विचारले होते. तिकडे प्रत्येक प्रकाशकाची रीत वेगळी. अमेरिकेतील स्क्रिब्नर या प्रकाशकाने १९३० पासून पहिल्या छपाईच्या पुस्तकावर मागच्या बाजूस नुसते 'ए' हे अक्षर छापण्याची पद्धत ठेवली होती. अलीकडच्या पुष्कळ पुस्तकांत एक ते दहा आकड्यांची ओळ असते. प्रत्येक नव्या छपाईला त्यातला एक आकडा काढून टाकतात. सहसा ओळीत उरलेला सर्वांत लहान आकडा तो छपाईचा क्रमांक. एक असेल तर पहिली छपाई, चार असेल तर चौथी.

शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो. पुस्तकाच्या बाबतीत मात्र एका शितावर विसंबू नये. प्रकाशक, पत्ता, किंमत, लेखन, प्रस्तावना या सगळ्यांचे म्हणणे एक असेल तरच नोंदवहीत पक्के लिहावे. नाहीतर पेन्सिलीने लिहून पुढे प्रश्नचिन्ह करावे. मी तसेच करते. खात्री करून घ्यायची असेल तर मोठ्या ग्रंथालयात शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' पाहायला मिळते. १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ही नोंद त्यांनी दोन भागांत केली आहे. पहिला भाग १९३७ पर्यंतचा, दुसरा त्यापुढचा. दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तके शोधून, त्यांची नावे, साले आणि प्रकाशक नोंदवण्यात एका माणसाने आयुष्य वेचले. आपण निदान आपल्या घरातली ट्रंक तरी पाहावी.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय हट्टाने घेतला, तिकडे येते. बायकांनी लिहिलेली जुनी पुस्तके फार थोड्या प्रतींची असत, आणि पुष्कळदा लेखिका स्वतःच खर्च करून छापीत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. ती १८८२ साली पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. बाईने पुरुषांना इतका रोकडा सवाल केल्याचे पुस्तक, पण पुढे ते जवळजवळ विसरले गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा ते सर्वांसमोर आले. मधली त्र्याण्णव वर्षे त्या पाचशेतल्या ज्या थोड्या प्रती उरल्या, त्यांच्यावरच ताराबाईंचे म्हणणे जिवंत राहिले. कोणीतरी ती प्रत टाकली नाही, एवढ्यावर ही गोष्ट उभी आहे.

विभावरी शिरूरकर यांचे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केले. नाव टोपण होते, आणि ही बाई कोण यावरून मोठा गहजब झाला. मालतीबाई बेडेकरांनी ते लिहिले हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण ज्यांची पुस्तके गाजली नाहीत, ज्यांचे टोपणनाव कोणी उलगडले नाही, त्यांचे काय?

याचे उत्तर आपल्याच मंडळात मिळाले. गेल्या वर्षी आपल्या एका भगिनीचा वाडा पाडायचा ठरला, तेव्हा तिने एक ट्रंक वाचनालयाला दिली. वरती क्रमिक पुस्तके, कहाण्या, जुनी पंचांगे असे होते. तळाशी ओव्यांचे एक पातळ पुस्तक निघाले, जेमतेम चाळीस पानांचे. मुख्य पानावर लेखिकेचे नाव नव्हते. 'एक भगिनी' एवढेच. पाने तांबूस, कोपरे झडलेले. कोणीही ते बाजूला काढले असते. नोंदवहीत 'प्रकाशक' हा रकाना भरायचा म्हणून मी शेवटचे पान उलटले. तिथे बारीक इंग्रजी टायपात मुद्रकाचे नाव होते, आणि पुढे प्रकाशक म्हणून एका बाईचे पूर्ण नाव आणि पत्ता. पेठ हीच, आणि घर नंबर त्याच वाड्याचा.

मी त्या भगिनीला निरोप पाठवला. तिने पान हातात घेतले आणि बराच वेळ बोलली नाही. ते नाव तिच्या आजेसासूबाईंचे होते. घरात त्यांची ओळख एवढीच, की फार सोवळे पाळीत आणि पुरण उत्तम घालीत. त्यांनी ओव्या रचल्या, पदरचे पैसे घालून छापून घेतल्या, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. लेखिका म्हणून आपले नाव द्यायला त्या माउली धजल्या नसतील. पण कायद्याने प्रकाशकाचे नाव द्यावेच लागे, म्हणून त्यांनी ते दिले. पुढच्या पानावर लपलेली बाई मागच्या पानावर सापडली. 'आवृत्ती पहिली, प्रती ५००' असेही त्यावर होते. वाडा आता नाही. त्या पत्त्यावर दुसरी इमारत उभी राहते आहे. पुस्तक आपल्या कपाटात आहे आणि त्याची एक झेरॉक्स त्या घरी.

म्हणून मला तुमच्याकडे चार गोष्टी मागायच्या आहेत.

पहिली: येत्या दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पुस्तकांचे मुख्य पान, त्याची मागची बाजू आणि शेवटचे पान, ही तीन पाने वाचल्याशिवाय पुस्तक घराबाहेर जाऊ देऊ नका. एका पुस्तकाला दोन मिनिटे लागतात. इंग्रजी ओळ वाचता येत नसेल तर नातवंडांना वाचायला सांगा. त्यांनाही गंमत वाटेल.

दुसरी: बाईचे नाव लेखिका, प्रकाशक, मुद्रक किंवा नुसते अर्पणपत्रिकेत जरी दिसले, तरी ते पुस्तक मला दाखवा. घरी छापलेली हळदीकुंकवाची गाणी, मंगळागौरीचे खेळ, पाककृतींची वही, शाळेचे अहवाल, आपल्यासारख्या मंडळांच्या स्मरणिका, काहीही क्षुल्लक समजू नका.

तिसरी: पुस्तक बांधायला देताना बांधणाऱ्याला सांगा की मूळ वेष्टन आणि जाहिरातीची पाने आतच ठेवून बांध, आणि कडा कापू नकोस. पुष्कळदा प्रकाशकाची ओळ वेष्टनावरच असते आणि नवी पुठ्ठ्याची बांधणी होताना नेमकी तीच टाकून दिली जाते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका; काही वर्षांनी ती पान पिवळे करते आणि अक्षरही घेऊन येते. सुटलेले पान कोऱ्या कागदात घालून पुस्तकातच ठेवा.

चौथी: घरात जागा नसेल तर पुस्तक वाचनालयाला द्या. आपल्या कपाटाला मर्यादा आहे हे मी जाणते. जे आपल्याला सांभाळता येणार नाही ते मोठ्या ग्रंथालयाला विचारून पाठवता येईल. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. अशा संस्थांनीच आजवर हा ठेवा राखला आहे.

कोणी म्हणेल, पहिली आवृत्ती विकून पैसे मिळतात काय? काही पुस्तकांना मिळतात, पुष्कळांना मिळत नाहीत. पैशाच्या आशेने ट्रंक उघडाल तर बहुधा निराश व्हाल, हे आधीच सांगते. पण आपल्या घरातल्या कोणत्या बाईने, कोणत्या साली, किती आणे खर्चून आपले म्हणणे छापून ठेवले, हे कळले तर त्याचे मोल तराजूत घालता येणार नाही.

आपली ही स्मरणिकाही उद्या जुनी होईल. तिच्यावरही मंडळाचे नाव, पत्ता, मुद्रकाचे नाव आणि साल ठळक छापावे, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे. नवा कायदा ते मागत नसला तरी आपण छापावे. पन्नास वर्षांनी एखादी सून माळा आवरताना ती हातात घेईल, तेव्हा तिला आपला पत्ता सापडायला हवा.